मेस्त्रींच्या हातून झालेली एकच चूक

मेस्त्री आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी ताटातली पोळी उचलली, शर्टाच्या खिशातून मायक्रोमीटर काढला आणि पोळीची जाडी मोजली. मधे एकदा, कडेला दोनदा. मग मायक्रोमीटर रुमालाने पुसून खिशात ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "मधे एक पॉइंट दोन, कडेला एक पॉइंट तीन. वहिनी, हात सरळ आहे तुमचा."

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. एवढी नेमकी स्तुती तिची कोणी केली नव्हती. त्या दिवसापासून मेस्त्री कधीही आले तरी त्यांना गरम पोळी मिळायची, आणि मला सकाळची.

ही गोष्ट दुबईतली, नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची. आम्ही राहायला अल मनखूलला होतो आणि मी अल कूझमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायचो. वर्कशॉपमध्ये बोटींचे पंप आणि शाफ्ट दुरुस्त व्हायचे. वासुदेव मेस्त्री तिथले मुख्य टर्नर. मूळचे कुडाळजवळचे, वय पंचावन्नच्या आसपास, कुटुंब गावाला, स्वतः वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एकटे. अंगाने काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि उभे राहिले की गुण्या लावून आखल्यासारखे. इंचाच्या हजाराव्या भागाएवढा फरक त्यांना बोटाने कळायचा. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नग वाया गेला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, कारण बाकीचे सगळे सांगत असत.

त्यांचं एकच पालुपद होतं. "अंदाजे म्हणजे काय?"

एकदा बायको त्यांना म्हणाली, "रात्री या जेवायला, साधारण आठला." मेस्त्रींचा चेहरा उतरला. "वहिनी, साधारण म्हणजे किती?" ती हसली. पण हे गृहस्थ पावणेआठला आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभे राहिले, वॉचमनने वर जायला सांगितलं तर त्याला घड्याळ दाखवलं, आणि आठच्या ठोक्याला बेल वाजवली. "साधारण वहिनींचं," म्हणाले, "आठ माझे."

तर या माणसाकडे एक दिवस बंदूक निवडायचं काम आलं.

वर्कशॉपचे मालक एक वयस्क अमिराती गृहस्थ होते. आम्ही त्यांना तिथल्या रिवाजाप्रमाणे अरबाब म्हणायचो, आणि बरोबरीची माणसं थोरल्या मुलाच्या नावावरून अबू खलफान. वय बासष्ट. सगळी हयात ससाण्यांकरवी शिकार करण्यात गेलेली. आदल्या वर्षी कुणा मित्राने त्यांना अमेरिकेतल्या डोंगरात एल्कच्या शिकारीला नेलं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा. तिथे अरबाबांनी दुकानातून आणलेल्या चांगल्या रायफलने गोळी झाडली, ती जनावराला भलतीकडेच लागली, आणि जखमी एल्क रानात निघून गेला. दिवसभर बर्फातून रक्ताचा माग काढला, सापडला नाही.

ही गोष्ट अरबाबांनी मनाला फार लावून घेतली होती. ऑफिसात चहा पिता पिता ते मधेच म्हणायचे, "वो किधर जाके मरा होयगा?" आणि कप तसाच राहायचा.

त्यांना आणखी एकदा जायचं होतं, आणि या वेळी एकाच गोळीत, तडफड न होता. खलफान, त्यांचा मुलगा, लंडनला शिकून आलेला, या सगळ्याच्या विरुद्ध. तो म्हणायचा, आता वय झालं, घरी बसा. शेवटी बापलेकांत असं ठरलं की मनासारखी बंदूक वेळेवर तयार झाली तर ही एकच शेवटची फेरी. नाही झाली, तर विषय खलास.

बंदूक बनवणार होता अमेरिकेतल्या त्याच डोंगराच्या पायथ्याचा एक म्हातारा कारागीर, वॉल्टर नावाचा. पण आत कुठला भाग कसला घालायचा हे अरबाबांना दुकानदाराच्या जिभेवर सोडायचं नव्हतं. त्यांनी मेस्त्रींना बोलावलं आणि जुनी रायफल पुढ्यात ठेवली. "मिस्त्री, इसका गलती ढूंढो. नया में वो गलती नहीं मंगता."

मेस्त्रींनी जन्मात बंदूक हातात धरलेली नव्हती. त्यांनी ती उघडली, आठ दिवस मोजली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "साहेबानू, जुन्या बंदुकीत माका काय एक गावूक नाय."

मेस्त्री मालवणीवर आले की समजायचं, माणूस अस्वस्थ आहे.

"मग तसं सांगा त्यांना," मी म्हणालो.

"दोष नसताना नेम चुकतो कसा? तो सापडेपर्यंत मी काय सांगू?"

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी जे बघितलं ते आज आठवलं तरी हात जोडावेसे वाटतात. पहिली अडचण अशी की मेस्त्रींनी एल्क बघितला नव्हता. ते आमच्या घरी आले आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीचा ज्ञानकोश मागितला. ती म्हणाली, "इट्स बेसिकली अ डिअर, अंकल. जस्ट व्हेरी बिग." मेस्त्री म्हणाले, "व्हेरी बिग म्हणजे किती, बाय?" तिने चित्राखालची उंची वाचून दाखवली. ती त्यांनी लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या पत्र्याच्या भिंतीवर खडूने पूर्ण आकाराचा एल्क उभा राहिला. शिंगांसाठी शिडी लावावी लागली. छातीच्या जागी त्यांनी एक गोल काढला, जेवणाच्या ताटाएवढा. "काळीज आणि फुफ्फुसं या गोलात. गोळी इथे बसली तर जनावराला कळायच्या आत संपतं. याच्या बाहेर बसली तर पाप."

आमचा पठाण ड्रायव्हर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मिस्त्रीजी, ये भैंस किस मुल्क का है?"

मग फॅक्स सुरू झाले. मेस्त्री सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो, वॉल्टरचं उत्तर यायचं, आणि मेस्त्री त्याच्यावर लाल पेन्सिलने तुटून पडायचे. नळी सव्वीस इंची असावी की चोवीस? लांब नळीतून गोळी जास्त वेगाने जाते, पण झाडीत अडकते. मेस्त्रींनी दोन्ही लांबीचे पाइप कापले आणि वाळवंटातल्या घाफच्या झाडांतून स्वतः धावून बघितलं. एक मध्यमवयीन कोकणी माणूस पाइप खांद्यावर घेऊन भर उन्हात झाडांतून पळतो आहे, हे दृश्य बघायला शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली होती. सव्वीस ठरली.

वजनाचं काम माझ्यावर आलं. त्यांनी एक पाइप वाळूने भरून बरोबर साडेआठ पौंडांचा केला आणि मला म्हणाले, "हा घेऊन तुमच्या घरी जिन्याने चढा. लिफ्ट नाही. वर गेल्यावर हात किती हलतो ते मी बघणार."

"मीच का?"

"अरबाब बासष्टचे आहेत. तुमची तब्येत साधारण तेवढीच आहे."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. साधारण हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला.

ट्रिगर किती हलका ठेवायचा, यासाठी मेस्त्रींनी दहा मिनिटं बोट बर्फाच्या पाण्यात धरलं आणि मग स्प्रिंगचा काटा ओढून बघितला. बधिर बोटाला हलका ट्रिगर कळतच नाही, बार आधीच उडून जातो. म्हणून तीन पौंड. दुर्बीण वॉल्टर चौदा पटीची देत होता. मेस्त्रींनी उत्तर लिहायला लावलं की दहा पट पुरे, आम्हाला चंद्र बघायचा नाही.

आणि दस्ता. खांद्याला लागतो तो बंदुकीचा दस्ता. वॉल्टरने अक्रोडाच्या लाकडाचे तुकडे नमुना म्हणून पाठवले होते. मेस्त्री जातीचे सुतार, बापही सुतारच. त्यांनी ते तुकडे नाकाशी धरले, त्यांच्या रेषांवरून अंगठा फिरवला, दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिहा. फायबरग्लास." लाकूड बर्फात फुगतं, नळीला रेटतं, नेम हलतो. लिहून झाल्यावर त्यांनी ते तुकडे कागदात गुंडाळून वॉल्टरला परत पाठवायला दिले. एका नळीची किंमत दोन हजार दिरहम, म्हणजे आपले वीसेक हजार रुपये, हे ऐकून मला घाम फुटायचा. मेस्त्रींना घाम फुटला तो लाकूड नाकारताना.

दस्त्याची लांबी म्हणजे खांद्यापासून बोटापर्यंतचं माप. ते मेस्त्रींनी अरबाबांच्या अंगावर घेतलं, वॉल्टरला कळवलं आणि दोन दिवसांनी सकाळी धावत माझ्याकडे आले. "वॉल्टरला थांबवा. माप आपण दुबईत घेतलं."

"मग कुठे घेणार?"

"साहेब, अरबाब नुसत्या कंदुऱ्यात, त्या पातळ सुती झग्यात उभे होते. तिकडे अंगावर दोन स्वेटर आणि जाड कोट असणार. दस्ता इंचभर पुढे जाईल. डोळा दुर्बिणीला पोचणारच नाही."

बेचाळीस अंश तापमानात राहणाऱ्या आम्हा चार-पाच जणांपैकी कुणालाही थंडी आठवली नव्हती.

उपाय मेस्त्रींनीच काढला. अरबाबांच्या चुलतभावाचं दुबईच्या देरा भागात मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथे एका सकाळी आम्ही गेलो. अरबाबांनी कंदुऱ्यावर दोन स्वेटर आणि खलफानचा लंडनचा कोट चढवला होता. हातात नुसता लाकडी नमुन्याचा दस्ता, कारण खरी बंदूक घेऊन बाजारात गेलो असतो तर पुढची गोष्ट मी तुरुंगातून लिहिली असती. उणे अठरा अंशांत, गोठलेल्या सुरमईच्या राशींमध्ये, अरबाब दस्ता खांद्याला लावून समोरच्या कोळंबीच्या खोक्यांवर नेम धरत होते. मेस्त्री फूटपट्टी घेऊन भोवती फिरत होते. मी दात वाजवत लिहून घेत होतो.

"फिर से, अरबाब," मेस्त्री म्हणाले.

अरबाबांनी दस्ता पुन्हा उजव्या खांद्याला लावला. मान जरा जास्तच वाकली.

"एक बार और."

पुन्हा तसंच. मला वाटलं थंडीने मान आखडली असेल. मेस्त्री मात्र मोजायचं सोडून अरबाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले होते. मग त्यांनी फूटपट्टी खिशात घातली. "खलास. चलो, बाहर चलो."

गाडीत मी माप विचारलं तर म्हणाले, "ड्रॉइंग मी स्वतः काढून पाठवतो." चार महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या टाइपरायटरला सुट्टी मिळाली.

सगळे परवाने होऊन बंदूक आली तेव्हा शिकारीला पाच आठवडे उरले होते. अरबाबांच्या जुमेराच्या घरी, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, खोकं उघडायचं ठरलं. अरबाब, त्यांचे चार मित्र, खलफान, मी आणि दाराजवळ चपला काढून उभे असलेले मेस्त्री. खलफानने झाकण काढलं. आत राखाडी रंगाची, सरळ, कसलाही नखरा नसलेली अशी देखणी वस्तू होती की सगळे पुढे सरकले.

मग खलफान हसला. हसतच राहिला.

बंदुकीत गोळी भरायला जो दांडा मागेपुढे ओढतात, तो उजव्या हाताला असतो. या बंदुकीचा दांडा डावीकडे होता. दस्त्याचा बाकही डाव्या खांद्यासाठी. अख्खी बंदूक डावखुऱ्या माणसाची. आणि अरबाब उजवे.

ऑर्डर मी टाइप केली होती. उजवा हात, असं मी माझ्या या दहा बोटांनी लिहिलं होतं, पण ते आता कोण ऐकणार? मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला.

"साहब का नहीं, मेरा गलती है. बाद में ड्रॉइंग मैंने भेजा. उल्टी तरफ से निकाला."

मला केवढं हायसं वाटलं ते आज सांगायला लाज वाटते.

"बाईस साल में एक गलती," खलफान मित्रांकडे बघून म्हणाला, "और वो इधर." मग वडिलांकडे वळून तो अरबीत बोलला. त्याचा सूर मला कळला. आता दुसरी बनवायला वेळ नाही, या वर्षीचं राहू द्या, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणजे कधीच नाही.

अरबाबांनी बंदूक उचलली. सवयीने उजव्या खांद्याला लावली, खाली घेतली. मग सावकाश डाव्या खांद्याला लावली. या वेळी मान वाकली नाही. ते बराच वेळ खिडकीतून बाहेर खजुराच्या झाडावर नेम धरून तसेच बसले. बंदूक मांडीवर ठेवून त्यांनी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री गालिच्याकडे बघत होते.

"जो आया, सो आया," अरबाब म्हणाले. "घर में आया हुआ चीज वापस नहीं जायगा. मैं सीखेगा."

पाच आठवडे दर शुक्रवारी सकाळी ते मेस्त्रींना गाडीत घालून वाळवंटात सरावाला घेऊन जात होते. ज्याने चूक केली त्यानेच निस्तरावी, असं खलफान म्हणायचा आणि आम्हालाही ते पटत होतं. वर्कशॉपमध्ये तर मेस्त्रींची दैना झाली. बावीस वर्षं ज्यांच्या नगातली चूक मेस्त्रींनी काढली होती, ते सगळे उट्टं काढायला उठले. स्पॅनर मागितला की पोरं विचारायची, "उजवा देऊ की डावा?" भिंतीवरच्या एल्कला कुणीतरी चष्मा काढला. मीही काही कमी नव्हतो. जेवताना मी त्यांच्या ताटाशी चमचा डावीकडे ठेवायचो आणि सगळे खिदळायचे. मेस्त्री चमचा उचलून जेवायला लागायचे.

अरबाब गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. एकच गोळी. चारशे पावलांवरून. जनावर उभं होतं तिथेच बसलं, पुन्हा उठलं नाही. ऑफिसात ते हे सांगत होते तेव्हा कपातला चहा त्यांनी संपवला, दुसरा मागवला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी माझ्या मशीनमधून एक फॅक्स बाहेर आला. वॉल्टरचा, मेस्त्रींच्या नावे. ऑफिसातला प्रत्येक कागद मी वाचायचो, हाही वाचला. चारच ओळी होत्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी उत्तम नेम मारला. तुम्ही डाव्या हाताची बंदूक करायला सांगितली ते अगदी योग्य होतं. तुम्ही विनंती केली होती त्याप्रमाणे इथे कुणीही त्यांच्या उजव्या डोळ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मी तो कागद तीनदा वाचला. मग खाली वर्कशॉपमध्ये गेलो. मेस्त्री लेथवर होते. मी कागद पुढे केला. त्यांनी इंग्रजी सावकाश, ओठ हलवत वाचलं आणि लेथ बंद केला.

"कोणी कोणी वाचला?"

"मीच. मेस्त्री, उजवा डोळा गेलाय त्यांचा?"

"अर्धा गेलाय. मासळीच्या थंडीत दिसला मला. दस्ता उजव्या खांद्याला आणि मान वाकवून बघत होते डाव्या डोळ्याने. जुन्या बंदुकीत दोष कसा सापडणार, तो बंदुकीत नव्हताच."

"मग त्यांना सांगायचं होतं."

"काय सांगायचं? त्यांना ठाऊक नाही? ते घरात कोणाला कळू देत नव्हते. कळलं असतं तर पोराने बंदूक, गाडी, ससाणे, सगळं काढून घेतलं असतं. भल्यासाठीच." मग ते म्हणाले, "आम्ही काढून घेतलेलो. बाबांचो हात थरथरूक लागलो म्हणान आम्ही भावांनी त्यांचो रंधो माळ्यार टाकलो. लागात बिगात म्हणान. मगे ते दिवसभर दाराची चौकट हातान चाचपत बसत. तेंनीच केलेली ती. कोणाक काय बोलले नाय. त्याच पावसाक वारले."

"निदान आम्हाला तरी सांगायचंत," मी म्हणालो. "बावीस वर्षांचं नाव घालवलंत. आम्ही चमचे काय ठेवतोय, चष्मे काय काढतोय."

"ते चालू राहू दे." मेस्त्री एकदम शुद्ध मराठीवर आले, म्हणजे आता कामाचं बोलणं. "साहेब, नीट ऐका. लोक मला हसतात तोवर त्यांचा डोळा कोणी बघत नाही. तुम्ही उद्यापासून गंभीर झालात तर खलफान विचारेल, का बुवा? तुम्ही हुशार माणूस आहात, पण चेहरा तुमचा उघडा आहे."

"मग मी काय करू?"

"हसा."

त्यांनी फॅक्सची चौपदरी घडी केली, ती भट्टीत टाकली आणि लेथ सुरू केला.

शेवटची ठरलेली फेरी शेवटची राहिली नाही. अबू खलफान पुढे दोन वर्षं आणखी डोंगरात गेले, ससाणे घेऊन वाळवंटात जात राहिले, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला झोपेतच गेले. डोळ्याचं घरात कधी कुणाला कळलं नाही. मेस्त्रीही आता नाहीत, म्हणून लिहितो आहे.

पण त्या फॅक्सच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दुपारी जेवायला सगळे बसलो होतो. खलफान कधी नव्हे तो कामासाठी खाली आला होता आणि खोकी उघडणाऱ्या पोरांना सांगत होता, "देखना, मिस्त्री को मत देना, उल्टा खोलेगा." पोरं हसली. खलफानने माझ्याकडे बघितलं.

मी मेस्त्रींच्या ताटाशी चमचा डावीकडे ठेवला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मेस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे एक नजर टाकली, जशी ते तयार झालेल्या नगावर टाकत, आणि डाव्या हाताने चमचा उचलला.